देश कोणाचा? माणसाचा की कागदाचा?

एखादा खेळाडू आपला देश सोडून दुसऱ्या देशाकडून खेळू लागला की त्याच्यावर पहिला दगड भिरकावला जातो तो देशद्रोहाचा. ज्या मातीने वाढवले तिला विसरला, पैशाला विकला गेला, असे म्हणायला फार अक्कल लागत नाही. परंतु त्या मातीने त्याला खरोखरच आपले म्हटले होते काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो प्रश्न आज आम्ही विचारणार आहोत. त्यासाठी आम्ही एका बॅडमिंटनपटूची कहाणी निवडली आहे. तिचे नाव मिया ऑडिना. ती आपल्या देशाची नव्हे, इंडोनेशियाची. पण तिच्या कहाणीच्या आजूबाजूला जे घडले, ते चळवळीच्या वाचकांना परके वाटणार नाही.

मे १९९४. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता. महिलांच्या सांघिक विश्वविजेतेपदाचा, म्हणजे उबेर चषकाचा अंतिम सामना. समोर चीन. पाच लढतींपैकी चार झाल्या आणि बरोबरी झाली, दोन-दोन. आता सगळे पाचव्या लढतीवर. इंडोनेशियाने उबेर चषक शेवटचा जिंकला होता तो १९७५ साली. एकोणीस वर्षांची प्रतीक्षा संपवण्याची जबाबदारी ज्या खेळाडूवर आली, ती होती अवघ्या चौदा वर्षांची मिया. चीनकडून उभी होती तिच्याहून चारेक वर्षांनी मोठी झांग निंग. सामना तीन गेमपर्यंत गेला आणि चौदा वर्षांच्या त्या पोरीने तो जिंकला. सारे जकार्ता नाचले. देशाने तिला डोक्यावर घेतले.

आता दहा वर्षे पुढे जाऊ. ऑगस्ट २००४, ग्रीसमधले अथेन्स. ऑलिम्पिकची महिला एकेरीची अंतिम लढत. जाळ्याच्या एका बाजूला पुन्हा झांग निंग, दुसऱ्या बाजूला पुन्हा मिया ऑडिना. त्या वेळी महिलांचा गेम अकरा गुणांचा असे. पहिला गेम मियाने ११-८ असा घेतला. पुढचे दोन झांग निंगने ११-६, ११-७ असे जिंकले आणि सुवर्णपदक चीनला गेले. रौप्यपदक मियाला मिळाले. पण या वेळी तिच्यासाठी जो झेंडा वर गेला तो इंडोनेशियाचा नव्हता. तो नेदरलँड्सचा होता.

त्याच दोघी, तोच खेळ. बदलला होता फक्त एकीचा झेंडा. ही दहा वर्षे नीट समजून घेतली पाहिजेत.

मियाचा जन्म २२ ऑगस्ट १९७९ चा, जकार्ताचा. तिचे पूर्ण नाव मिया ऑडिना त्जिप्तावान. ती चिनी वंशाच्या इंडोनेशियन समाजातली. १९९४ च्या विजयानंतर १९९६ साली इंडोनेशियाने उबेर चषक पुन्हा जिंकला. त्याच वर्षी अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सतरा वर्षेही पूर्ण न झालेली मिया अंतिम फेरीत पोहोचली. तिथे ती दक्षिण कोरियाच्या बँग सू ह्यूनकडून हरली आणि रौप्यपदक घेऊन घरी आली. त्याच स्पर्धेत कांस्यपदक मिळाले ते इंडोनेशियाच्याच सुसी सुसांतीला. सुसी ही १९९२ ची ऑलिम्पिक विजेती. तिच्यामागून कोण, या प्रश्नाचे उत्तर देशाला मिळाले होते. पुढची दहा वर्षे मियाची, असेच सगळे धरून चालले होते.

पण १९९९ साली मियाने सुरिनामी वंशाच्या एका डच गायकाशी लग्न केले आणि ती नेदरलँड्सला गेली. पुढे ती त्या देशाची नागरिक झाली. सिडनीच्या २००० च्या ऑलिम्पिकमध्ये ती नेदरलँड्सकडून खेळली. २००४ मध्ये ती युरोपची विजेती झाली आणि त्याच वर्षी अथेन्सला तिने उपांत्य फेरीत चीनच्या गोंग रुइनाला हरवून अंतिम फेरी गाठली. नेदरलँड्सला बॅडमिंटनमध्ये मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. २००६ साली डच महिला संघ उबेर चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, त्या संघात मिया होती आणि चीनमध्ये जन्मलेली याओ जीही होती. समोर चीनच होता आणि डच संघ हरला. त्याच वर्षी मियाने खेळातून निवृत्ती घेतली. दोन वेगवेगळ्या देशांसाठी ऑलिम्पिक पदक घेणारे बॅडमिंटनमध्ये दुसरे नाव सापडणे कठीण आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मियाने लग्नामुळे देश सोडला. तिला कोणी हाकलले, असे आम्ही म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही आणि पुराव्यावाचून बोलणे ही आमची रीत नाही. एका स्त्रीने आपला जोडीदार निवडला, त्याच्यासोबत संसार थाटला आणि जिथे संसार तिथून ती खेळली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कोणाची परवानगी लागावी? बाईने कोणाशी लग्न करावे, कुठे राहावे, हे ठरवायला आपल्याकडे जात पंचायती बसतात. राष्ट्राच्या नावाने तीच पंचायत बसवली म्हणून ती पवित्र होत नाही.

परंतु मिया ज्या समाजात जन्मली, त्या समाजाला तिच्या देशाने काय दिले, हे पाहिल्याशिवाय 'देश सोडला' या शब्दांचा अर्थ कळणार नाही. देश सोडण्यासाठी आधी तो देश आपला असावा लागतो.

इंडोनेशियावर डचांनी दीर्घकाळ राज्य केले. राज्य करताना त्यांनी तिथल्या माणसांच्या कायद्याने तीन पायऱ्या पाडल्या. सगळ्यात वर युरोपीय. मध्ये 'परदेशी पौर्वात्य', म्हणजे मुख्यतः चिनी आणि अरब वंशाचे लोक. सगळ्यात खाली मूळचे रहिवासी. प्रत्येक पायरीला वेगळा कायदा. चिनी वंशाच्या लोकांना ठराविक वस्त्यांतच राहण्याची सक्ती होती, बाहेर प्रवास करायचा तर परवाना लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होते. वरच्याने खालच्याला तुडवायचे आणि मधल्याने दोघांच्याही शिव्या खायच्या, अशी ही रचना. श्रेणीबद्ध विषमता कशी चालते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. माणसे एकमेकांकडे वर-खाली पाहत राहिली की राज्यकर्त्याला झोप चांगली लागते.

डच गेले, स्वातंत्र्य आले. पण पायऱ्या मोडल्या नाहीत. १९५९ साली एक फर्मान निघाले. परकीय नागरिकांनी ग्रामीण भागात किरकोळ व्यापार करायचा नाही, असे त्यात म्हटले होते. त्याचा फटका बसला तो खेड्यापाड्यांत दुकान मांडून बसलेल्या चिनी कुटुंबांना. लाखभर माणसे देश सोडून चीनला गेली. त्यांतल्या कित्येकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. १९६५ नंतर जनरल सुहार्तो सत्तेवर आले आणि दडपण आणखी वाढले. चिनी लोकांनी नावे बदलून इंडोनेशियन नावे घ्यावीत, असा रेटा सुरू झाला. १९६७ च्या आदेशाने त्यांचे सण आणि धर्मविधी सार्वजनिक ठिकाणी करण्यावर बंधन आले. चिनी अक्षरांवर बंदी आली.

आता गंमत पाहा. याच काळात इंडोनेशियाचे नाव जगात गाजत होते ते बॅडमिंटनमुळे, आणि बॅडमिंटन गाजवणाऱ्यांत चिनी वंशाचे खेळाडू पुढे होते. ऑल इंग्लंड स्पर्धा आठ वेळा जिंकणारे रुडी हार्तोनो जन्माने निओ हाप लियांग. देशाला पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळाले ते १९९२ साली बार्सिलोनात. ते सुसी सुसांतीने जिंकले आणि पाठोपाठ पुरुष एकेरीचे आलन बुदीकुसुमाने. दोघेही चिनी वंशाचे. पुढे दोघांनी एकमेकांशी लग्न केले. साऱ्या देशाने त्यांची मिरवणूक काढली.

पण मिरवणूक संपली की त्याच समाजातल्या माणसाला सरकारी खिडकीपुढे उभे राहावे लागे. तिथे त्याच्याकडे एक कागद मागितला जाई. त्याचे नाव 'सुरात बुक्ती केवारगानेगारान', म्हणजे नागरिकत्व सिद्ध करणारे पत्र. पारपत्र काढायचे, शाळेत नाव घालायचे, लग्न नोंदवायचे, प्रत्येक ठिकाणी हा कागद. शेजारच्या जावानी माणसाला तो कोणी विचारत नसे. ज्याची तिसरी-चौथी पिढी त्याच मातीत पुरली गेली, त्याला मात्र 'तू इथलाच कशावरून?' असे विचारले जाई. १९९६ साली हा कागद मागू नये असा आदेश निघाला, तरी कचेऱ्यांतले कारकून तो मागतच राहिले. आदेश वरून निघतो, पण माणसाचा अपमान होतो तो खिडकीवर. हे ज्याने भोगले त्यालाच कळते.

मग १९९८ चा मे महिना आला. आर्थिक संकटाने देश हादरला होता. १३ ते १५ मे या दिवसांत जकार्तात दंगली उसळल्या. चिनी वंशाच्या लोकांची दुकाने आणि घरे निवडून लुटली गेली, जाळली गेली. स्त्रियांवर सामूहिक बलात्कार झाले. एकट्या जकार्तात हजाराहून अधिक माणसे मेली, त्यांतली बरीचशी जळत्या इमारतींत अडकलेली गरीब माणसे होती. २१ मेला सुहार्तोंनी राजीनामा दिला. आणि याच दिवसांत इंडोनेशियाचे बॅडमिंटनपटू हाँगकाँगमध्ये थॉमस आणि उबेर चषकासाठी खेळत होते. त्यांतले अनेक चिनी वंशाचे. घरचे लोक जकार्तात, शहर पेटलेले आणि हातात रॅकेट, छातीवर त्याच देशाचे चिन्ह. अशा मनःस्थितीत इंडोनेशियाच्या पुरुषांनी मलेशियाला ३-२ असे हरवून थॉमस चषक जिंकला. देशभक्तीची परीक्षा घ्यायची असेल तर याहून अवघड परीक्षा कोणती? पण परीक्षा देणाऱ्यांनी ती दिली आणि घेणाऱ्यांनी निकाल कधी लावलाच नाही.

त्याच १९९८ साली एका माणसाने इंडोनेशिया सोडला. त्याची कहाणी मियाच्या कहाणीपेक्षाही बोलकी आहे. त्याचे नाव टोंग सिन फू, चिनी उच्चारात तांग श्येनहू. जन्म १९४२ चा, सुमात्रा बेटावरच्या लाम्पुंगचा. १९६० साली, ते फर्मान निघाल्यानंतरच्या काळात, अठराव्या वर्षी तो चीनला गेला. त्या पिढीतला तो जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता. ऑल इंग्लंड अनेकदा जिंकणाऱ्या डेन्मार्कच्या एर्लंड कॉप्सला त्याने लीलया हरवले होते. पण चीन तेव्हा आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन संघटनेत नव्हता, तो १९८१ मध्ये आला. त्यामुळे टोंगला मोठ्या अधिकृत स्पर्धा खेळायलाच मिळाल्या नाहीत. त्यात सांस्कृतिक क्रांतीने खेळच बंद पाडला. एका राजवटीने जन्मभूमी सोडायला लावली, दुसऱ्या राजवटीने उमेदीची वर्षे खाल्ली.

तरीही हा माणूस ऐंशीच्या दशकात जन्मभूमीत परत आला, प्रशिक्षक म्हणून. आलन बुदीकुसुमा, हरियांतो आर्बी, हेंद्रावान अशा खेळाडूंना त्याने घडवले. म्हणजे १९९२ च्या त्या सुवर्णपदकात त्याचाही घाम होता. त्याने इंडोनेशियाकडे एकच गोष्ट मागितली, नागरिकत्व. ते त्याला मिळाले नाही. जिथे जन्मला त्या देशाने त्याला परकाच ठरवले. अखेर १९९८ मध्ये तो पुन्हा चीनला गेला. तिथे त्याच्या हाताखाली जे तयार झाले त्यांत एक होता लिन डान. २००८ आणि २०१२ असे दोनदा ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकणारा लिन डान.

म्हणजे हिशोब काय झाला? इंडोनेशियाने एक कागद वाचवला आणि गुरू गमावला. चीनच्या बॅडमिंटनचा पायाही अशाच माणसांनी घातला होता. १९५४ साली वांग वेनज्याव आणि चेन फुशोऊ हे दोघे इंडोनेशियातून चीनला गेले आणि त्यांनी तिथे हा खेळ उभा केला. इंडोनेशिया ज्या चीनशी वर्षानुवर्षे झुंजला, त्या चीनची रॅकेट इंडोनेशियात जन्मलेल्या हातांनी धरायला शिकवली होती. भेदभावाने अन्याय होतो हे तर खरेच, पण भेदभाव करणारा स्वतःच्या पायावरही धोंडा पाडून घेतो, याचे इतके ठळक उदाहरण क्रीडाजगतात क्वचित मिळेल.

टोंगचा शिष्य हेंद्रावान मात्र गेला नाही. तो जन्माने इंडोनेशियाचा, वाढला तिथेच, खेळला तिथेच. २००० मध्ये सिडनीला त्याने देशासाठी रौप्यपदक आणले. अंतिम लढतीत तो चीनच्या जी शिनपेंगकडून हरला. टोंग दोनच वर्षांपूर्वी चीनला परतले होते, हे ध्यानात घ्यावे. २००१ मध्ये हेंद्रावान विश्वविजेता झाला. जगातला सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच्याकडे आपल्याच देशाच्या नागरिकत्वाचा कागद नव्हता! २००२ मध्ये थॉमस चषकाच्या तोंडावर राष्ट्राध्यक्ष मेगावती सुकार्नोपुत्री यांनी लक्ष घातले तेव्हा कुठे तो मिळाला. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात मलेशियाविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना पाचवी, निर्णायक लढत खेळायला कोण उतरला? हेंद्रावान. त्याने ती जिंकली आणि चषक देशाला दिला.

हा प्रसंग सांगताना काही जण म्हणतात, पाहा, अखेर देशाने न्याय दिलाच. आम्हाला हे मान्य नाही. विश्वविजेता झाल्यावर आणि राष्ट्राध्यक्षांनी शब्द टाकल्यावर जे मिळते त्याला मेहरबानी म्हणतात. हक्क तो, जो रॅकेट कधी हातात न धरलेल्या फेरीवाल्यालाही त्याच खिडकीवर, त्याच दिवशी, तितक्याच सहज मिळतो. हेंद्रावानला कागद मिळाला. त्याच्या गल्लीतल्या न खेळणाऱ्या पोराचे काय? गुणवंतांना सूट देऊन व्यवस्था आपली अब्रू वाचवते आणि बाकीच्यांना होते तिथेच ठेवते. एखाद्या गुणी माणसाला मांडीला मांडी लावून बसवायचे आणि त्याच्या वस्तीला गावाबाहेर ठेवायचे, हा डाव आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे.

पुढे हाच हेंद्रावान मलेशियात जाऊन तिथल्या खेळाडूंना शिकवू लागला. आता त्यालाही देशद्रोही म्हणायचे काय?

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. देश बदलणारा प्रत्येक खेळाडू अन्यायामुळेच जातो, असे नाही. चीनमध्ये इतके खेळाडू तयार होतात की राष्ट्रीय संघात जागा मिळत नाही, म्हणून अनेक जणी युरोपात गेल्या. पी होंगयान फ्रान्सकडून खेळली, शू हुआईवेन जर्मनीकडून. कोणी पैशासाठी जातो, कोणी संधीसाठी, कोणी प्रेमासाठी. श्रीमंत देश तयार खेळाडू आयते उचलतात आणि ज्या गरीब देशाने त्यांना लहानपणापासून घडवले तो हात चोळत बसतो, हीही एक लूटच आहे. तिच्यावर नियम असावेत, बंधने असावीत, याला आमचा विरोध नाही. परंतु ही तक्रार संघटनांशी, पैशाच्या बाजाराशी करायची आहे. ती माणसाच्या निष्ठेवर शिक्का मारून सुटत नाही.

आणि नेदरलँड्सचेही कौतुक करायला आम्ही बसलेलो नाही. ज्यांनी इंडोनेशियात त्या तीन पायऱ्या बांधल्या ते हेच डच. सुरिनामच्या मळ्यांत ज्यांनी आधी आफ्रिकी गुलाम राबवले आणि १८७३ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले तेही हेच. मियाचा पती त्या सुरिनामच्या वंशाचा. दोन वसाहतींची दोन लेकरे जुन्या मालकाच्या घरी एकत्र आली आणि त्यांनी तिथे आपला संसार मांडला. इतिहास कधी कधी असा हिशोब मांडतो. पण एक गोष्ट नाकारता येणार नाही. तिथे गेल्यावर मियाला खेळायला मिळाले, संघात जागा मिळाली आणि तिने त्या जागेचे चीज केले. माणूस कुठल्याही मातीतला असो, त्याला जागा दिली की तो ती फुलवतो.

आता हे सगळे आम्ही आमच्या वाचकांना का सांगत आहोत?

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात बाबासाहेब आणि गांधीजी यांची भेट झाली. त्या भेटीत बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले की आपल्याला मायभूमी नाही. जिथे माणसाला कुत्र्यामांजरापेक्षाही हीन लेखले जाते, प्यायला पाणी मिळत नाही, त्या देशाला आपला देश कसा म्हणावा, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्यावरही देशद्रोहाचा शिक्का मारणारे तेव्हा कमी नव्हते. पण पुढे काय झाले? त्याच बाबासाहेबांनी या देशाला संविधान दिले. बाहेर कुठे जाण्याऐवजी त्यांनी हा देशच प्रत्येकाला आपला वाटावा अशी कायद्याची चौकट उभी केली. संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदात नागरिकत्वासाठी जात विचारलेली नाही, धर्म विचारलेला नाही, वंश विचारलेला नाही. पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला राज्याला मनाई केली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की हजारो जातींत विभागलेली माणसे आपोआप राष्ट्र होत नाहीत, बंधुता असेल तरच राष्ट्र होते.

इंडोनेशियाला हे शहाणपण उशिरा आले, पण आले. २००० साली राष्ट्राध्यक्ष अब्दुररहमान वाहिद यांनी १९६७ चा तो आदेश रद्द केला. २००६ च्या नागरिकत्व कायद्याने चिनी वंशाच्या लोकांवरचा परकेपणाचा शिक्का पुसला. त्याच २००६ मध्ये मियाने रॅकेट खाली ठेवली होती. टोंग सिन फू साठी ओलांडून चीनमध्ये लिन डानला घडवत होते. कायदा सुधारला, पण गेलेली माणसे परत आली नाहीत. न्यायाला उशीर झाला तर त्याची किंमत अशी चुकवावी लागते.

आपल्याकडे काय चित्र आहे? आमच्या भटक्या-विमुक्त बांधवांना विचारा. ज्यांना ना गाव ना शिवार, पालावर जन्म आणि पालावरच मरण, त्यांच्याकडे सरकारी खिडकीवर अनेक दशकांपूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागितला जातो. खोटे दाखले घेऊन राखीव जागा बळकावणाऱ्यांना आळा बसलाच पाहिजे, ही मागणी आमचीच आहे. पण ज्याला कोणी एका जागी राहूच दिले नाही त्याच्याकडे राहिल्याचा कागद मागणे, हा कुठला न्याय? आम्ही स्वतः अशा खिडक्यांपुढे पालावरच्या पोरांसोबत उभे राहिलो आहोत. 'आजोबांचा पुरावा आणा' असे ऐकून परत फिरलेल्या पोराचा चेहरा आम्ही पाहिला आहे. त्या पोराला पळायला, कुस्ती करायला कोणी शिकवावे लागत नाही. त्याचे अंग जन्मतःच तयार असते. पण शाळेच्या पटावर त्याचे नाव नाही, वसतिगृहात त्याला खोली नाही. त्याला देश बदलण्याचीही सोय नाही, कारण देश बदलायलाही पारपत्र लागते. मियाला जाता आले, टोंगला जाता आले. आमचे पोर जाणार कुठे?

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. खेळाडू कुठल्या झेंड्याखाली खेळला याची चौकशी करण्याआधी त्या झेंड्याने त्याच्या माणसांना सावली दिली होती का, याची चौकशी करा. निष्ठा ही एकतर्फी वसूल करण्याची खंडणी नव्हे. देशाने माणसाला आपले म्हणायचे असते ते तो पदक आणतो म्हणून नव्हे. तो हरला, तो कधी मैदानात उतरलाच नाही, त्याच्याकडे दाखवायला कागद नाही, तरी तो आपला असतो.

अथेन्सच्या त्या संध्याकाळी मिया हरली. तिच्या गळ्यात पडलेल्या रौप्यपदकावर नेदरलँड्सने आपले नाव लिहिले, आणि ते रास्तच होते. पण तिचा मनगटाचा फटका जकार्तात शिकलेला होता, पायांची चपळाई जकार्तातली होती. आठ वर्षांपूर्वीचे रौप्यपदक एका देशाचे, हे दुसऱ्या देशाचे, आणि दोन्ही एकाच बाईच्या घामाचे. ते पदक नेमके कोणाचे, यावर भांडत बसण्यापेक्षा आपल्या गावाबाहेरच्या पालावर कोणते पोर कागदावाचून अडले आहे, ते उद्या सकाळी जाऊन पाहिलेले बरे. त्याच्यासोबत खिडकीवर उभे राहा. तो परत फिरला तर पुन्हा उभे राहा. समाजातले शिकलेले, वकिली करणारे, नोकरीत असलेले बांधव आपल्यात आता कमी नाहीत. एकेकाने एका पोराचा कागद पुरा करून द्यायचे ठरवले, तरी उद्या मैदानावर कोण उतरेल, हे सांगता येत नाही.